निम्फ भेटली की आधी तिचा पत्ता विचारा

ग्रीक पुराणकथा मराठीतून वाचायला घ्या. पहिल्या पाच-दहा पानांतच कुणीतरी ‘अप्सरा’ भेटते. पुढच्या प्रकरणात ‘जलपरी’ येते, मग ‘वनदेवी’, आणि भाषांतरकार कंटाळला असेल तर नुसतीच ‘एक सुंदर युवती’. मूळ ग्रीकमध्ये या चौघींना बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘नुम्फे’. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला म्हणून निम्फ. मी बरीच वर्षं या बायकांना कथेतली शोभा समजून पानं उलटत होतो. नायक कोण, देव कोण, एवढं कळलं की झालं. पुढे लक्षात आलं की त्यांना सोडून वाचलं तर ग्रीक पुराणातली जमीन, पाणी आणि झाडंच दिसेनाशी होतात.

निम्फ समोर आली की तिला कसं वाचायचं, याची ही माझी रीत. एक वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, पत्ता, सांगणारा, शेवट. बाकी सगळं या चार रकान्यांत बसतं.

पहिली पायरी: शब्द झटकून घ्या

‘नुम्फे’चा साधा अर्थ नवरी, किंवा लग्नाला आलेली मुलगी. मर्त्य मुलीलाही हाच शब्द लागतो. त्यामुळे ग्रीक कानाला त्यात देवता आणि उपवर मुलगी दोन्ही एकदम ऐकू येत असणार. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर ‘नुम्फे’चं एक ठाणं होतं. लग्नाआधीच्या न्हाणाचं पाणी ज्या उंच मानेच्या सुरयांतून आणत, त्या सुरया तिथे वाहिल्या जात. त्यांना लुत्रोफोरोस म्हणतात. त्यांचे ढीगभर तुकडे तिथे सापडले आणि आज ते अक्रोपोलिस संग्रहालयात पाहायला मिळतात. न्हाण, पाणी, नवरी आणि देवता यांची गाठ पुस्तकापेक्षा त्या सुरयांपुढे लवकर कळते.

आता ‘अप्सरा’. शब्दात ‘अप्’ म्हणजे पाणी आहे, त्यामुळे मुळात तो फारसा चुकीचा नाही. पण आज अप्सरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंद्राचा दरबार आणि तपोभंग येतो, आणि निम्फचा दरबाराशी काडीचा संबंध नाही. त्यापेक्षा त्याच शब्दापासून आलेल्या आपल्या आसरा जवळच्या. विहिरीच्या नाहीतर डोहाच्या काठावर शेंदूर फासलेले सात तांदळे, त्या साती आसरा. त्या त्या पाण्याच्या, त्या त्या गावाच्या. या दोघींचं नातं लावायला मी सांगत नाही. फक्त वाचताना मनात स्वर्ग आणण्याऐवजी विहिरीचा काठ आणा, निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी पायरी: पत्ता

सगळ्यात महत्त्वाचा रकाना हा. निम्फ ‘कशाची’ यापेक्षा ‘कुठली’ हे आधी विचारा.

हेसिओद या जुन्या ग्रीक कवीच्या ‘थिओगनी’त, म्हणजे देवांच्या वंशावळीच्या काव्यात, महासागराचा देव ओकेआनोस आणि त्याची बायको तेथिस यांच्या 3000 मुली आहेत, त्या ओकेआनिड. नद्या म्हणजे त्यांचे भाऊ, तेही तितकेच. काही नद्यांची आणि 41 मुलींची नावं सांगून झाल्यावर कवी हात टेकतो. सगळ्या नद्यांची नावं एका माणसाला सांगणं कठीण, पण जे जिच्या काठी राहतात त्यांना तिचं नाव ठाऊक असतं, असं तो म्हणतो. या विषयाची किल्ली मला या ओळीत सापडली. पुराणात निम्फांचा सुळसुळाट वाटतो तो यामुळे. प्रत्येक गावाला आपला झरा होता आणि प्रत्येक झऱ्याला आपली मुलगी.

‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात हे फार हुशारीने वापरलंय. विसाव्या सर्गात अकिलिस इफितिओन नावाच्या योद्ध्याला मारतो. होमर सांगतो की याची आई नायड, म्हणजे गोड्या पाण्याची निम्फ. बर्फाळ त्मोलोस डोंगराच्या पायथ्याशी तिने याला जन्म दिला. आणि अकिलिस प्रेताला उद्देशून म्हणतो: तू इथे मेलास, पण जन्मलास गिगाइआ तलावापाशी, हिल्लोस आणि हेर्मोस नद्यांच्या काठी, जिथे तुझ्या बापाची जमीन आहे. आई निम्फ असणं म्हणजे त्या मुलाचं गाव सांगणं. ट्रॉयच्या धुळीत पडलेला पोरगा दोन ओळींत कुठल्या पाण्याचा होता ते कळतं. होमरच्या छोट्या योद्ध्यांच्या आया नायड का असतात, हा प्रश्न मला तिथून पुढे पडला नाही.

पत्ता बदलला की कथाही बदलते, हेही वहीत दिसायला लागेल. दाफ्ने घ्या. सगळ्यांना माहीत असलेली दाफ्ने थेस्सालीतल्या पेनेइओस नदीची मुलगी. अपोलो देव मागे लागतो आणि तिचं लॉरेलचं झाड होतं. पण पौसानियास हा दुसऱ्या शतकातला प्रवासी आर्केडियातल्या लादोन नदीच्या दाफ्नेची गोष्ट सांगतो. तिथे लेउकिप्पोस नावाचा मुलगा बाईचं सोंग घेऊन तिच्या मैत्रिणींत शिरतो, नदीवर अंघोळीच्या वेळी पकडला जातो आणि मुली त्याला मारून टाकतात. नाव एक, नद्या दोन. वहीत दोन वेगळ्या ओळी करा.

तिसरी पायरी: जात लावा, पण हलक्या हाताने

इंटरनेटवर निम्फांचे तक्ते मिळतात: पाण्याच्या, झाडांच्या, डोंगरांच्या, दऱ्यांच्या, कुरणांच्या. पाठ करायला बरे. पण ग्रीक माणूस तक्ता घेऊन झऱ्यावर जात नव्हता. एकच निम्फ डोंगरातल्या झऱ्याची असू शकते, तिला नायड म्हणा की डोंगराची ओरेआड म्हणा, ती तीच. चार नावं पक्की केली तरी पुरे.

नायड गोड्या पाण्याच्या: झरे, विहिरी, ओढे. नेरेइड समुद्राच्या, नेरेउस आणि दोरिस यांच्या 50 मुली. थेटिस, अँफित्रिते, गालातेआ या त्यांतल्या. ओकेआनिड वर आल्याच. चौथ्या झाडांच्या, द्रुआड. हा शब्द ‘द्रुस’वरून, म्हणजे ओक किंवा नुसतं झाड. आपल्या ‘द्रुम’ आणि ‘दारु’शी, म्हणजे देवदारातल्या दारूशी, त्याचं भाषाशास्त्रीय नातं आहे. बाटलीतल्या दारूशी नाही.

नेरेइडांची यादी कंटाळवाणी म्हणून सगळे गाळतात. तुम्ही गाळू नका, नावांचे अर्थ लावा. गालेने म्हणजे निवांत समुद्र. प्सामाथे म्हणजे वाळू. आक्ताइए किनाऱ्याची, नेसाइए बेटाची, एउलिमेने चांगल्या बंदराची, किमोथोए लाटेच्या वेगाची. हेसिओदने पन्नास मुलींच्या नावांत अख्खा समुद्र मांडलाय, खलाशाला हवा तसा: बंदर, वारा, लाट, शांतता. मोठ्याने वाचली की यादी गाण्यासारखी लागते.

झाडांच्या निम्फांपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथे मरण आहे.

चौथी पायरी: ती किती जगते ते पाहा

निम्फ देवी असते की नाही? अफ्रोदिते या प्रेमदेवीच्या होमरी स्तोत्रात याचं स्वच्छ उत्तर आहे. अफ्रोदिते आपला मुलगा एनेआस इदा पर्वताच्या निम्फांकडे वाढवायला देणार असते. त्या मर्त्यांत मोडत नाहीत आणि अमरांतही नाहीत, असं ती सांगते. त्या अमृत खातात, खूप जगतात. त्या जन्मल्या की त्यांच्याबरोबर देवदार नाहीतर ओक उगवतो, आणि त्या झाडांवर कुणी कुऱ्हाड चालवत नाही. मरण जवळ आलं की आधी झाड जागच्या जागी वाळतं, साल सुकून आकसते, फांद्या गळतात आणि मग झाडाचा आणि तिचा जीव एकदमच जातो.

खूप म्हणजे किती? हेसिओदच्या नावावर एक हिशेब आहे, तो प्लुटार्क या ग्रीक लेखकाने जपून ठेवला. माणसाच्या नऊ पिढ्या म्हणजे एक कावळा. चार कावळे म्हणजे एक हरीण, तीन हरणं म्हणजे एक डोमकावळा, नऊ डोमकावळे म्हणजे एक फिनिक्स आणि दहा फिनिक्स म्हणजे एक निम्फ. गुणून पाहा: 9720 पिढ्या. प्लुटार्कच्या संवादातले लोक लगेच भांडायला लागतात, ‘पिढी’ म्हणजे तीस वर्षं की एक वर्ष. एकाने एक वर्ष धरून 9720 वर्षांवर सौदा तोडला. विद्वानांची बैठक तेव्हाही अशीच चालायची.

झाड तोडणाऱ्याचं काय होतं, हे वहीच्या ‘शेवट’ रकान्यात येतं. एरिसिख्थोन धान्याची देवी देमेतेर हिच्या राईतलं झाड तोडतो आणि कितीही खाल्लं तरी न शमणारी भूक त्याच्या मागे लागते. उलट बाजूची गोष्ट ऱ्होइकोसची. पडायला आलेल्या ओकला त्याने टेकू लावला, तशी त्यातली निम्फ प्रसन्न झाली आणि भेटीचा निरोप मधमाशी आणेल म्हणाली. माशी आली तेव्हा गडी पटावर सोंगट्या खेळत होता. तो तिच्यावर खेकसला. निम्फने त्याचं अंग लुळं केलं. उपकार करूनही माणूस खेळाच्या नादात मार खातो, ही मला सगळ्यात खरी वाटलेली निम्फकथा.

पाचवी पायरी: सांगणारा कोण

आपल्याला माहीत असलेल्या गोड-दुःखी निम्फकथा बहुतेक ओव्हिडच्या असतात. ओव्हिड रोमन, लॅटिन लिहिणारा, ‘मेटामॉर्फसिस’ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीचं. होमर आणि त्याच्यात सात-आठ शतकांचं अंतर आहे, आपल्याकडे ज्ञानेश्वर आणि आजचा कवी यांच्यात आहे तेवढं. तेव्हा ‘ग्रीक लोक असं मानत’ हे वाक्य लिहिण्याआधी तिसरा रकाना पाहा.

एखो घ्या. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबात रमलेला नार्किसोस आणि त्याच्या मागे झुरून नुसता आवाज उरलेली एखो, ही जोडगोळी आपल्या हाती लागते ती ओव्हिडकडूनच. ‘दाफ्निस आणि ख्लोए’ या ग्रीक कादंबरीत एखोची गोष्ट वेगळीच आहे. ती गाणारी मुलगी, पुरुषांपासून दूर राहणारी. चिडलेला पान नावाचा रानदेव मेंढपाळांना वेड लावतो, ते तिचे तुकडे करून रानोमाळ टाकतात, आणि धरणी ते गाणारे तुकडे पोटात घेते. प्रतिध्वनी सगळीकडून का येतो, याचं हे उत्तर जास्त भीषण आहे आणि माझ्या मते जास्त चांगलंही.

ओव्हिडची नजर निम्फ पळते कशी, याकडे असते. होमरची नजर ती राहते कुठे, याकडे.

सहावी पायरी: आजूबाजूला कोण उभं आहे

एकटी निम्फ क्वचित सापडते. सोबत पान असेल तर ओळखणं सोपं: शिंगं, बोकडाचे पाय, हातात वेताचा पावा. तो पावाही सिरिंक्स नावाच्या निम्फपासून झालेला, ती लादोनच्या काठी वेत होऊन सुटली म्हणून. पान मूळचा आर्केडियाचा. अथेन्समध्ये त्याला गुहा मिळाली ती इ.स.पू. 490 च्या मॅराथॉन लढाईनंतर. धावपटू फिलिप्पिदेसला तो वाटेत भेटला होता, अशी कथा इतिहासकार हेरोदोतस देतो.

सातीर, म्हणजे रानात हुंदडणारे अर्धे माणूस अर्धे जनावर, ते वेगळे. जुन्या ग्रीक चित्रांत त्यांना घोड्याची शेपटी असते, बोकडाची नव्हे. बोकडाचं रूप पुढचं. देवांचा दूत हर्मीस असेल तर तो निम्फांचा वाटाड्या. आणि दाढीवाला, शिंगं असलेला नुसताच चेहरा कोपऱ्यातून डोकावत असेल तर तो आखेलोओस, नद्यांचा म्होरक्या.

सातवी पायरी: दगडात वाचा

पुस्तकातून बाहेर पडायची ही पायरी. अथेन्सला गेलात तर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात निम्फांचे नवसाचे शिल्पपट शोधा. चौकट बहुतेक गुहेच्या तोंडासारखी ओबडधोबड असते. आत तीन बायका, बऱ्याचदा एकमेकींचा हात नाहीतर पदर धरून नाचताना, पुढे हर्मीस. वर कुठेतरी पाय दुमडून बसलेला छोटा पान. कडेला आखेलोओसचा मुखवटा. आणि अगदी लहान आकाराची माणसं दिसली तर ती नवस फेडणारी मंडळी. पेंतेली डोंगरातल्या गुहेत 1952 साली सापडलेला आगाथेमेरोसचा शिल्पपट याचा उत्तम नमुना. याच संग्रहालयात पित्साच्या गुहेतल्या लाकडी पाट्या आहेत, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, रंग अजून शाबूत. एकीवर निम्फांना कोकरू अर्पण करायला निघालेलं कुटुंब आहे. मागे वाद्यं वाजताहेत, पुढे वेदी. ही मिरवणूक पाहून मला गावची जत्रा आठवल्याशिवाय राहिली नाही.

आता गुहा. देल्फीच्या वर, पार्नासोसच्या अंगावर कोरिकिअन गुहा आहे, पान आणि निम्फांची. इ.स.पू. 480 मध्ये इराणी फौज आली तेव्हा देल्फीचे लोक तिच्यात लपले होते. फ्रेंच उत्खननात (1969 नंतर) तिथे भाजक्या मातीच्या हजारो मूर्ती आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याची 20,000 पेक्षा जास्त हाडं निघाली. ही हाडं फाशांसारखीही वापरत, आणि ग्रीक मुली ती वर उडवून हाताच्या पालथ्या बाजूवर झेलत, थेट आपले सागरगोटे. पहिल्या पायरीतली नवरी इथे आठवा. लग्नाआधी खेळणी देवतेला वाहायची रीत होती. त्या ढिगातली काही हाडं तरी खेळ संपवलेल्या पोरींची असतील, असं मला वाटतं.

माझी सगळ्यात आवडती गुहा मात्र अथेन्सच्या दक्षिणेची, हिमेत्तोस डोंगराच्या टोकाला, वारीजवळची. इ.स.पू. पाचव्या शतकात थेरा बेटाहून आलेला आर्खेदेमोस नावाचा दगडफोड्या इथे राबला. त्याने भिंतीवर कोरून ठेवलंय: थेराचा आर्खेदेमोस, निम्फांनी झपाटलेला, निम्फांच्या सांगण्यावरून ही गुहा घडवली. ‘झपाटलेला’ यासाठी त्याचा शब्द आहे ‘नुम्फोलेप्तोस’, निम्फांनी धरलेला. आपल्याकडे ‘आसरांनी धरलं’ म्हणतात, जवळजवळ तसाच. प्लेटोच्या ‘फाइद्रोस’मध्ये सॉक्रेटिसही हा शब्द स्वतःपुरता वापरतो. इलिसोस नदीकाठी चिनाराच्या झाडाखाली बसलाय, आसपास निम्फांच्या आणि आखेलोओसच्या मूर्ती दिसताहेत, आणि बोलता बोलता मला निम्फांनी धरलं तर आश्चर्य मानू नकोस, असं तो सांगतो.

आर्खेदेमोसने भिंतीवर स्वतःलाही कोरलंय, आखूड अंगरखा, हातात हातोडा आणि गुण्या. कोरीव काम काही फार देखणं नाही. त्याने निम्फांसाठी बागही लावली आणि तेही लिहून ठेवलं. आणि याच गुहेत आणखी एक लेख आहे: आतडी बाहेर धुवा, शेण साफ करा. बळी दिल्यावर लोक घाण आतच टाकून जायचे, हे उघड आहे. ‘येथे कपडे धुऊ नयेत’ अशी पाटी ज्यांनी घाटावर पाहिली आहे, त्यांना देवत्व आणि व्यवहार शेजारी शेजारी कसे राहतात हे सांगायला नको.

आठवी पायरी: एक निम्फ पूर्ण भरा

वही उघडा. नाव: आरेथुसा.

पत्ता लिहायला गेलात की अडाल, कारण या नावाचे झरे अनेक. इथाकावर एक आहे, ‘ओडिसी’त एउमाइओसची डुकरं त्याच्या आसपास चरतात. एउबोइआत खाल्किसजवळ एक आहे. आपण घेऊ सिसिलीतली, सिराक्यूज शहराच्या ओर्तिगिआ बेटावरची.

सांगणारे: ओव्हिडच्या पाचव्या भागात ती स्वतःच बोलते. ग्रीसमधल्या आल्फेइओस नदीत अंघोळीला उतरली, नदीचा देव मागे लागला, शिकारीची देवी आर्तेमिस हिने तिचं पाणी केलं आणि जमीन फाडून समुद्राखालून सिसिलीत वर काढलं. पौसानियासकडे आल्फेइओस आधी माणूस आहे, शिकारी, आणि तिच्यापायी नदी झालेला. ग्रीक कवी पिंदारच्या पहिल्या नेमेअन स्तोत्राची सुरुवातच ओर्तिगिआला आल्फेइओसची विसाव्याची जागा म्हणून होते, म्हणजे कथा ओव्हिडच्या कितीतरी आधीची. भूगोलकार स्त्राबो लोकांचं म्हणणं नोंदवतो: ऑलिंपियाला नदीत टाकलेला प्याला सिराक्यूजच्या झऱ्यात निघाला, तिकडे बैल कापले की इकडचं पाणी रंगतं. मग तो स्वतःच ते खोडतो: नदी तर सगळ्यांच्या देखत समुद्राला मिळते, खाली शिरायला वाट कुठे आहे?

शेवट: इथे पाठलागाची गोष्ट बाजूला ठेवून नकाशा काढा. सिराक्यूज ही इ.स.पू. 734-733 च्या सुमाराला कोरिंथच्या लोकांनी वसवलेली वसाहत. पेलोपोनेससमधली नदी समुद्राखालून येऊन नव्या गावच्या झऱ्यात मिसळते, ही गोष्ट घर सोडून आलेल्या माणसांची. आपलं पाणी आपल्या मागे इथवर आलं, असं ती म्हणते. पळणाऱ्या मुलीची कथा आणि स्थलांतराची कथा एकाच झऱ्यात आहेत, आणि पहिलीच वाचली तर दुसरी हुकते.

झरा आजही आहे, पपायरस वाढलेला, समुद्रापासून काही पावलांवर. रोमन वक्ता सिसेरोने त्याचं वर्णन केलंय: माशांनी भरलेलं गोडं पाणी, मध्ये दगडी बांध नसता तर लाटांनी बुडालंच असतं. आणि त्याच्याही तीनशेहून अधिक वर्षं आधी किमोन नावाच्या कोरक्याने सिराक्यूजच्या चांदीच्या नाण्यावर तिचा चेहरा समोरून कोरला, वर नाव घातलं. केस पाण्यासारखे मोकळे पसरलेत आणि बटांमधून डॉल्फिन पोहताहेत. गोड्या पाण्याच्या निम्फच्या केसांत खाऱ्या पाण्यातले डॉल्फिन कसे, हा प्रश्न ओर्तिगिआवर त्या कठड्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला पडत नाही.